पुंज गुरुत्व

गुरुत्वाकर्षणाची पुंजयामिकीच्या (अणू व त्याहून लहान कणांचे वर्तन सांगणाऱ्या शास्त्राच्या) नियमांनुसार मांडणी करू पाहणारा, अद्याप अपुरा असलेला सिद्धांत. मर्यादित सापेक्षता (आइन्स्टाइन यांचा, गुरुत्व न धरणारा सापेक्षता सिद्धांत) आणि पुंजयामिकी यांचा मेळ डिरॅक यांच्या १९२८ च्या समीकरणापासून बसत गेला. पेच आहे तो व्यापक सापेक्षतेचा, म्हणजे आइन्स्टाइन यांच्या गुरुत्व सिद्धांताचा: पुंजयामिकीतील घटना आधीच आखलेल्या अवकाश-काळात घडतात, तर व्यापक सापेक्षतेत द्रव्यामुळे तो अवकाश-काळच वाकतो.

या प्रश्नाचा आरंभ कोठून मानावा, याबाबत एकमत नाही. प्लांक यांनी १८९९ मध्ये गुरुत्व स्थिरांक, प्रकाशवेग आणि आपला नवा स्थिरांक यांतून लांबीचे एकक काढले (सुमारे १.६ गुणिले १० चा उणे ३५ वा घात, इतके मीटर), परंतु तेव्हा दोन्ही सिद्धांत जन्मायचे होते, म्हणून ती पूर्वखूणच म्हणावी. अणूतील इलेक्ट्रॉन गुरुत्वीय तरंगांवाटे ऊर्जा गमावत राहील, ही अडचण आइन्स्टाइन यांनी १९१६ मध्ये नोंदवली व गुरुत्व सिद्धांतातही पुंजविचारानुसार बदल करावा लागेल असे सुचवले. काही अभ्यासक इतिहास येथूनच धरतात. रोझनफेल्ड यांनी १९३० मध्ये प्रत्यक्ष गणित केले, मात्र ते दुर्बल क्षेत्रापुरते. प्रस्तुत नोंदीत सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ ब्रॉन्स्टाइन यांच्या १९३६ च्या कामाला अधिक वजन दिले आहे. गुरुत्वीय क्षेत्र अगदी लहान जागेत अचूक मोजायचे तर चाचणी-वस्तू लहान आणि जड हवी. पण ती जड करत गेल्यास तिची गुरुत्वीय त्रिज्या (जिच्या आत वस्तुमान एकवटल्यास कृष्णविवर बनते ती) तिच्या आकारापेक्षा मोठी ठरते आणि मापनच अडते. विद्युत्‌क्षेत्रात हा अडसर येत नाही, कारण तेथे प्रभार आणि वस्तुमान स्वतंत्रपणे निवडता येतात. अडचण मुळातली आहे, हे इतक्या स्वच्छपणे आधी कोणी दाखवले नव्हते. १९३८ मध्ये, वयाच्या ३१ व्या वर्षी, लेनिनग्राडमध्ये ब्रॉन्स्टाइन यांना गोळ्या घालण्यात आल्या. विज्ञानाची ही हानी मोठी होती.

पुढील मार्गांपैकी तंतू सिद्धांत (मूलकण म्हणजे कंप पावणारे सूक्ष्म तंतू, असे मानणारा) आणि वेटोळे पुंज गुरुत्व (अवकाशच सूक्ष्म वेटोळ्यांचा विणलेला आहे, असे मानणारे) हे प्रमुख. दुसऱ्याचा पाया शिरपूर येथे जन्मलेले अभय अष्टेकर यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या नव्या चलांनी (व्यापक सापेक्षतेची समीकरणे लिहिण्याच्या नव्या राशींनी) घातला.

पुण्यात हा विषय प्रामुख्याने विद्यापीठाच्या आवारातील आयुकात (आंतरविद्यापीठ खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र, स्थापना १९८८) रुजला. संस्थापक संचालक जयंत नारळीकर यांचे विद्यार्थी थनू पद्मनाभन १९९२ पासून अखेरपर्यंत (२०२१) येथे होते. पाण्याचा प्रवाह जसा रेणू न मोजता मांडता येतो, तशी आइन्स्टाइन यांची समीकरणे अवकाश-काळाच्या अज्ञात सूक्ष्म घटकांचे स्थूल रूप असावीत, असे त्यांचे प्रतिपादन. कृष्णविवराच्या क्षितिजापाशी हीच समीकरणे ऊष्मागतिकीच्या (उष्णता व ऊर्जा यांच्या शास्त्राच्या) नियमाचे रूप घेतात, हे त्यांनी २००२ च्या सुमारास गोलीय सममितीच्या उदाहरणात दाखवले: तापमान, एन्ट्रॉपी (अव्यवस्थेचे माप), ऊर्जा आणि दाब यांची पदे त्यात जागच्या जागी बसतात. सखारोव्ह आणि जेकबसन यांनी याआधी वेगळ्या वाटांनी याच दिशेचा विचार केला होता. हे मत सर्वमान्य नाही. पण मग मूळ समीकरणांचेच पुंजीकरण (पुंजयामिकीच्या नियमांत बसवणे) करणे सार्थ आहे का, ही त्यातून उठणारी शंका टाळता येत नाही.

प्रायोगिक पुरावा नाही. दोन सूक्ष्म वस्तूंमध्ये केवळ गुरुत्वामुळे पुंज-गुंफण (एकीची अवस्था दुसरीपासून वेगळी सांगता न येणारा पुंज संबंध) होते का, हे तपासण्याची सूचना २०१७ मध्ये पुढे आली; त्यासाठी लागणारे बाह्य कंपने व विद्युत्‌बलांपासूनचे अलिप्तपण अद्याप साधलेले नाही.