अपुऱ्या दिवसांचं बाळ आणि राहून गेलेली डोळ्यांची तपासणी

ऑगस्ट 1996. चेन्नईच्या एका सरकारी रुग्णालयात एक मुलगी 29व्या आठवड्यातच जन्मली. वजन सव्वा किलो. तीनेक आठवडे ती काचेच्या पेटीत होती, ऑक्सिजन चालू होता. मुलगी वाचली, घरी आली. पण तिचे डोळे तपासायला हवेत, हे आईवडिलांना कुणी सांगितलं नाही. काही महिन्यांनी कळलं, दोन्ही डोळ्यांचे पडदे सुटले आहेत.

हा आजार म्हणजे रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी, डॉक्टरांच्या बोलण्यात 'आरओपी'. पोटातल्या बाळाच्या डोळ्याच्या पडद्यावर रक्तवाहिन्या मधून कडेकडे वाढत जातात आणि दिवस भरत आले की कडेपर्यंत पोचतात. बाळ आधीच आलं तर हे काम अर्धवट राहतं. जादा ऑक्सिजनने वाढ थबकते, पुढे वेड्यावाकड्या, नाजूक वाहिन्या फुटून निघतात आणि त्यांचे व्रण पडद्याला ओढून सुटा करतात. तोवर बाहेरून डोळा निरोगी दिसतो. बाहुलीत पांढरट झाक दिसली, म्हणजे बहुधा वेळ निघून गेलेली असते.

बॉस्टनचे नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांनी 1942 मध्ये हा आजार प्रथम नोंदवला. मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी 1951 मध्ये ऑक्सिजनकडे बोट दाखवलं आणि अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने ते खरं ठरवलं. ऑक्सिजन मोजून देणं सुरू झालं. पण पुढे आणखी लहान बाळं जगू लागली आणि आजार परतला. 1988 मध्ये मात्र चित्र पालटलं: पडद्याचा कडेचा भाग वेळेत गोठवला तर नजर वाचू शकते, असं चाचणीत दिसलं. नंतर लेझर आलं. माझ्या मते कायद्याच्या दृष्टीने कलाटणी इथेच आहे. इलाज नव्हता तोवर आंधळेपण नशिबाच्या माथी मारता येत होतं. इलाज आला, तसा न तपासण्याचा जाब विचारता येऊ लागला.

आपल्याकडे डॉक्टरांची जबाबदारी सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्येच मांडली होती, पुण्यात उपचार झालेल्या एका तरुणाच्या मोडलेल्या पायाच्या खटल्यात. 1995 च्या निकालाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात आली. चेन्नईच्या कुटुंबाने याच वाटेने दाद मागितली. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2009 मध्ये 5 लाख दिले. सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये ती रक्कम सुमारे 1 कोटी 80 लाखांवर नेली, त्यात पुढच्या उपचारांचा आणि महागाईचाही हिशेब धरला. मुलगी तेव्हा अठरा वर्षांची होती. इतकी वर्षं त्या घराने कशी काढली असतील, या विचाराने जीव कासावीस होतो.

दिल्लीतल्या एका खासगी रुग्णालयाविरुद्धच्या अशाच खटल्यात 2019 मध्ये 76 लाख मंजूर झाले. ते बाळ 32 आठवड्यांचं, दीड किलोचं होतं.

आता राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आरओपीचा समावेश आहे. 34 आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाची पहिली तपासणी साधारण चौथ्या आठवड्यापर्यंत, फारच लहान असेल तर त्याहून आधी, व्हायला हवी. बाहुली मोठी करणारे थेंब, पापण्या उघड्या ठेवणारी बारीक तार, डॉक्टरांच्या कपाळावरचा दिवा आणि हातात भिंग. बाळ रडतं, काही मिनिटांत काम होतं. मात्र एकदा दाखवून भागत नाही. वाहिन्या कडेपर्यंत पोचल्या असं नेत्रतज्ज्ञ सांगेपर्यंत ठरलेल्या तारखांना जावंच लागतं, आणि बाळ तोवर घरी गेलेलं असतं. म्हणूनच डिस्चार्ज कार्डावर पुढच्या तपासणीची तारीख लिहिलेली असणं आणि ती आईवडिलांना समजावून सांगणं हा उपचाराचाच भाग आहे.