वाकणारा रेणू आणि विस्कटणारी शिस्त

५सीबी हा द्रवस्फटिक साधारण २४ ते ३५ अंश सेल्सियसदरम्यान नेमॅटिक अवस्थेत असतो: वाहतो द्रवासारखा, पण त्याचे लांबट रेणू एकाच दिशेला तोंड करून असतात. त्यात वजनाने १-२ टक्के अॅझोबेंझीन हे रंगद्रव्य मिसळा. अंधारात हा पाहुणा सरळ सळईसारखा (सुमारे ०.९ नॅनोमीटर) असल्याने रांगेत खपून जातो. ३६५ नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश पडला की तो मधोमध वाकतो, लांबी ०.५५ नॅनोमीटरवर येते आणि शेजाऱ्यांची रांग विस्कटते. मग द्विअपवर्तन (रेणूंच्या दिशेने आणि तिला आडवे कंप पावणाऱ्या प्रकाशासाठीच्या अपवर्तनांकांतला फरक) घटते.

मिश्रण ४० अंशांच्या वर तापवून, पातळ असतानाच १० मायक्रोमीटर फटीच्या काचेच्या सेलमध्ये केशाकर्षणाने भरावे आणि हळूहळू थंड करावे. घाईने थंड केल्यास रेणूंची मांडणी बिघडते. रंगद्रव्य जास्त झाले तर त्याचे स्फटिक बाहेर पडतात; सूक्ष्मदर्शकाखाली ते सुयांसारखे दिसतात. हे सगळे लाल दिव्यातच करावे, नाहीतर खोलीतला उजेडच प्रयोग सुरू करून टाकतो.

आता सेल काटकोनातल्या दोन पोलरायझरांमध्ये (एकाच दिशेचे प्रकाशकंपन पुढे सोडणाऱ्या गाळण्यांमध्ये), रेणूंची दिशा त्यांच्याशी ४५ अंशांत येईल असा ठेवून ६३३ नॅनोमीटरचा लाल लेसर आरपार सोडा. हा रंग अॅझोबेंझीन शोषत नाही. द्विअपवर्तन ०.१८ धरले तर पथांतर (द्विअपवर्तन गुणिले थराची जाडी) १८०० नॅनोमीटर, म्हणजे २.८४ तरंगलांबी. अतिनील दिवा लावल्यावर हा आकडा २.५ कडे सरकताना उजेड वाढतो, पुढे २ कडे जाताना मावळतो. नवखा माणूस इथे हमखास फसतो: उजेड वाढला म्हणून शिस्त वाढली असे त्याला वाटते. नुसती तीव्रता पाहू नये, चढउतार मोजावेत.

खरी डोकेदुखी उष्णतेची. दिव्याने नमुना नुसता तापला तरी द्विअपवर्तन घटतेच, ३५ अंशांजवळ तर फार झपाट्याने. म्हणून दिवा बंद करून थांबावे. पातळ थराची उष्णता काही सेकंदांत ओसरते. साध्या अॅझोबेंझीनचे वाकलेले रेणू मात्र अंधारात तासन् तास तसेच राहतात, म्हणून त्यानंतरही टिकून राहिलेली घट रेणू वाकल्याची समजावी. डिस्पर्स रेड १ सारखी रंगद्रव्ये आपोआप लवकर सरळ होतात, तिथे ही परीक्षा उपयोगाची नाही. तेवढाच प्रकाश शोषणारे पण न वाकणारे रंगद्रव्य घालून तुलना करावी लागते.

४५० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाने बहुतेक रेणू पुन्हा सरळ होतात. सगळे नाही, कारण निळा प्रकाश थोड्यांना वाकवतही असतो. त्यामुळे मूळ वाचन तंतोतंत परत हवे असेल तर सेल अंधारात हलका गरम करून ठेवावा.