संध्याकाळी सातची साक्ष

समजा, अमेरिकेतल्या एका शहरात पोलिसांनी थांबवलेल्या गाडीचालकांपैकी निम्मे कृष्णवर्णीय आहेत. मग तिथले पोलीस रंग बघून गाड्या अडवतात, असं म्हणायचं का? पोलीस म्हणतील, रस्त्यावर तेच जास्त असतील, वेगमर्यादा तेच जास्त मोडत असतील. जनगणनेत लोकसंख्या मिळते, पण मंगळवारी संध्याकाळी रस्त्यावर कोण होतं, ते मिळत नाही. म्हणजे भागाकार करायचा आहे आणि छेदच हाती नाही. हा वाद वर्षानुवर्षं इथेच अडकत आला.

2006 मध्ये जेफ्री ग्रॉगर आणि ग्रेग रिजवे या संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहराचा अभ्यास करताना यातून वाट काढली, तीही सूर्याच्या मदतीने. अंधारात चालकाचा चेहरा नीट दिसत नाही. रंग पाहून गाडी अडवली जात असेल, तर उजेडात अडवलेल्यांमध्ये कृष्णवर्णीयांचं प्रमाण जास्त भरायला हवं. पण दुपारची आणि मध्यरात्रीची तुलना चालणार नाही, कारण त्या वेळी रस्त्यावर माणसंच वेगळी असतात. म्हणून घड्याळ स्थिर धरायचं. संध्याकाळी सातला जूनमध्ये लख्ख उजेड असतो, डिसेंबरमध्ये काळोख. कामावरून घरी जाणारी माणसं मात्र बरीचशी तीच. अमेरिकेच्या बहुतेक भागांत वर्षातून दोनदा घड्याळं तासभर पुढेमागे होतात, त्यामुळे एका रात्रीत सातचा उजेड बदलतो. संशोधकाला याहून चांगला प्रयोग आयता मिळणं कठीण!

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या गटाने गाड्या अडवल्याच्या सुमारे साडेनऊ कोटी नोंदी गोळा केल्या, त्यांतल्या संध्याकाळच्या नोंदींवर हीच कसोटी लावली आणि 2020 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. धड उजेड नाही, धड अंधार नाही अशी सांजवेळ त्यांनी वगळली. अंधार पडल्यावर अडवलेल्यांमधलं कृष्णवर्णीयांचं प्रमाण कमी होत होतं. रस्त्यावर दिवे असतात, गाडी पाहूनही चालकाचा अंदाज बांधता येतो. अशा वेळी अंधाराने फारसा फरक पडत नाही आणि खरा भेदभाव या कसोटीत कमीच दिसतो. तरीही तो दिसला, हे मला फार गंभीर वाटतं.

झडतीचं गणित जास्त फसवं आहे. ज्या गटाच्या झडतीत अमली पदार्थांसारखा बेकायदा माल कमी वेळा सापडतो, त्याची झडती उगाच घेतली जाते, असं वाटणं साहजिक आहे. पण समजा, पोलीस सगळ्यांना एकच नियम लावतात: संशय दहा टक्क्यांहून जास्त असेल तरच झडती. एका गटातल्या संशयितांकडे माल असण्याची शक्यता पन्नास टक्के, दुसऱ्यात पंचाहत्तर. नियम सारखाच, तरी सापडण्याचं प्रमाण वेगळं येणार. म्हणून केवळ ‘किती वेळा सापडलं’ हे मोजून भागत नाही. किती संशयावर झडती घेतली, तो उंबरठा शोधावा लागतो. स्टॅनफर्डच्या गटाने संख्याशास्त्रीय प्रतिमान वापरून तो काढला. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक देशांतून आलेल्या वंशाच्या) चालकांची झडती गोऱ्यांच्या तुलनेत कमी संशयावर होत होती.

कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन राज्यांत प्रौढांना गांजा बाळगणं कायदेशीर झालं, तेव्हा पोलिसांचं झडतीचं एक नेहमीचं कारणच गेलं. सगळ्याच वंशांच्या चालकांच्या झडत्या घटल्या. उंबरठ्यातला फरक मात्र त्यानंतरही राहिला.