मिठाई

मिठाई (स्त्रीलिंगी नाम) : हलवायाकडे विकत मिळणारा गोड पदार्थ. पेढा, बर्फी, जिलेबी, म्हैसूरपाक हे सगळे यात आले. घरच्या गोडाला मात्र मराठीत सहसा मिठाई म्हणत नाहीत. पुरणपोळी आणि श्रीखंड ही पक्वान्ने, आणि दिवाळीच्या करंज्या कितीही गोड असल्या तरी फराळात जमा.

शब्द हिंदीतून आला : 'मीठा' ला 'आई' प्रत्यय. 'मीठा' च्या मागे प्राकृत 'मिट्ठ', त्यामागे संस्कृत 'मृष्ट', 'मिष्ट'. 'मृष्ट' म्हणजे आधी घासूनपुसून स्वच्छ केलेले, मग रुचकर. मौज अशी की मराठीतले 'मीठ' ही याच घरातले. हिंदीने चवीतला गोडवा उचलला, मराठीने खारटपणा. गुजरातीत 'मीठुं' म्हणजे मीठही आणि गोडही. मिष्टान्न आणि मीठभाकर ही अशी चुलत भावंडे आहेत. 'हलवाई' चे कूळ वेगळे, अरबी 'हलवा' चे. बर्फीत फारसी 'बर्फ' आहे.

कोल्हापुरात हा शब्द बहुतेक दुकानाच्या पाटीवर आणि दिवाळीतल्या बॉक्सवर राहतो. बोलण्यात येतात ते पेढे. पोरगं पास झालं की शेजारी विचारणार, "पेढं कुठं हाईत?" मिठाई मागितली तर परकं वाटेल. अंबाबाईच्या दर्शनाहून परतताना प्रसाद म्हणून घ्यायचे तेही पेढेच. शिरोळ तालुक्यातल्या नृसिंहवाडीला गेलेल्याने मात्र बासुंदी आणि कवठाची बर्फी आणली नाही, तर घरात बोलणी खावी लागतात.

जेवणाच्या पंगतीत प्रश्न असतो, "गोडाला काय केलंय?" 'गोड' चा संबंध संस्कृत 'गौड', म्हणजे गुळापासून केलेले, याच्याशी लावतात. कोल्हापूरकराला ही व्युत्पत्ती पटवून द्यावी लागत नाही. इथल्या गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हंगामात गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळू लागला की वर येणारी मळी काढत राहतात. रस तांबूस, घट्ट होत जातो आणि वास पार रस्त्यापर्यंत येतो. गुळव्या पाक पाण्यात टाकून, बोटांनी गोळी वळून बघतो. ती जमली की काहील उतरते. भोवती घुटमळणाऱ्या पोरांना तेव्हा उसाच्या कांडक्यावर गरम गूळ मिळतो. त्याला मिठाई कुणी म्हणत नाही.