आईकडची बाजू उघडी की अडवलेली? बेडसाइड कॉटमागचा इतिहास

नवजात बाळासाठी पलंगाला लागून बसणारी कॉट घ्यायची म्हटलं की बहुतेकांचं दोन प्रश्नांपाशी अडतं. आईकडची बाजू पूर्ण खाली जाणारी कॉट घ्यावी की थोडा कठडा राहणारी? आणि कुणाकडची वापरलेली कॉट मिळत असेल तर ती घ्यावी का? दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे, आणि ते फार जुनं नाही. बाळाला पाठीवर झोपवायचं, गादी घट्ट हवी, आत उशी, लोड, खेळणी नकोत, हे इथे पुन्हा सांगत नाही. बाळाला घेऊन दवाखान्यातून घरी येईपर्यंत ते चारदा ऐकून झालेलं असतं.

पाळणा ही वस्तू किती जुनी, याचा एक पुरावा इटलीत सापडला. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियममध्ये कोळसा झालेला लाकडी पाळणा मिळाला आहे. पण बेडसाइड कॉटचा पूर्वज शोधायचा तर पाळण्याकडे नाही, फ्लॉरेन्सकडे पाहावं लागतं. तिथे दाई किंवा आई बाळाला स्वतःच्याच अंथरुणात घेऊन झोपे आणि झोपेत बाळ अंगाखाली चिरडू नये म्हणून त्याच्यावर लाकूड आणि लोखंडाचा कमानीसारखा सांगाडा ठेवी. त्याचं नाव आर्कुच्चो. बाजूला खाच ठेवलेली असे, म्हणजे बाळाला बाहेर न काढता पाजता येई. १७३२ मध्ये लंडनच्या एका विज्ञानपत्रिकेत त्याचं चित्र आणि वर्णन छापून आलं. फ्लॉरेन्समधल्या दाईंना तो वापरणं बंधनकारक होतं आणि न वापरल्यास धर्मबहिष्काराची भीती होती, असंही त्यात लिहिलं आहे. बाळ आईच्या हाताशी हवं, पण आईच्या अंगाखाली येता कामा नये. बेडसाइड कॉटचा सगळा खटाटोप आजही याच एका वाक्यात मावतो.

आर्कुच्चो फ्लॉरेन्सबाहेर फारसा रुजला नाही. १८९२ मध्ये स्कॉटलंडच्या डंडी शहरातल्या पोलीस खात्याच्या डॉक्टरने अंथरुणात गुदमरून गेलेल्या २५८ बाळांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यातले बरेच मृत्यू शनिवारी रात्रीचे होते. त्याने दारू, दाटीवाटीची घरं आणि बाळासाठी वेगळी जागा नसणं याकडे बोट दाखवलं. ब्रिटनमध्ये १९०८ च्या बालकायद्याने दारूच्या नशेत तीन वर्षांखालच्या मुलाला अंथरुणात घेऊन झोपल्यामुळे ते गुदमरून गेलं तर तो गुन्हा ठरवला. त्यातल्या किती बाळांचा मृत्यू खरंच चिरडून झाला आणि किती जण आज ज्याला आपण आकस्मिक बालमृत्यू (धडधाकट बाळाचा झोपेतच, कारण न सापडता झालेला मृत्यू) म्हणतो त्याने गेले, हे आता कुणालाच ठरवता येणार नाही. दोष मात्र शतकानुशतकं आईच्या माथी बसला.

विसाव्या शतकात पाश्चात्त्य घरांतून बाळ वेगळ्या खोलीत, गजांच्या कॉटमध्ये गेलं आणि धोक्याची जागाही बदलली. आता डोकं गजांत अडकत होतं. अमेरिकेने १९७३ मध्ये कॉटसाठी पहिला सक्तीचा नियम केला, त्यात दोन गजांमधलं अंतर जास्तीत जास्त २ ३/८ इंच, म्हणजे साधारण ६ सेंटिमीटर ठरवलं. बाळाचं धड त्यातून जाऊ नये, एवढंच त्या आकड्यामागचं गणित. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो परत येणार आहे.

त्याच काळातली दुसरी लोकप्रिय सोय म्हणजे खाली सरकणारी बाजू. पाठ न वाकवता बाळ उचलता यावं म्हणून कॉटची एक बाजू खोबणीत वरखाली होई. प्लास्टिकची खुंटी तुटली किंवा बाजू उलटी बसवली की ती एका कोपऱ्यातून सुटे, गादी आणि कठडा यांच्यात फट पडे आणि बाळ त्या फटीत घसरे. अमेरिकेत २००० नंतरच्या दशकात अशा कॉटमुळे किमान ३२ बाळं दगावल्याची नोंद झाली. पाच वर्षांत ९० लाखांहून अधिक कॉट परत मागवल्या गेल्या. डिसेंबर २०१० मध्ये तिथल्या ग्राहकवस्तूंच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी नियामकाने सरकत्या बाजूवर बंदी घालायचं ठरवलं आणि २८ जून २०११ पासून ती लागू झाली.

यातली गंमत (गंमत हा शब्द इथे बरा नाही, पण दुसरा सुचत नाही) अशी की सरकती बाजू एका दाराने बाहेर जात होती, त्याच वर्षांत ती दुसऱ्या दाराने आत येत होती. बेडसाइड कॉटचा सगळा आकर्षणबिंदू म्हणजे खाली होणारी बाजूच.

ती आत का आली, हे समजायला आकस्मिक बालमृत्यूच्या संशोधनाकडे वळावं लागतं. या मृत्यूंची व्याख्या १९६९ मध्ये अमेरिकेतल्या सिअॅटल इथे भरलेल्या परिषदेत ठरली. त्याही आधीपासून डॉक्टर आणि बालसंगोपनाची पुस्तकं बाळाला पालथं झोपवायला सांगत होती. २००५ मध्ये जुन्या सगळ्या अभ्यासांची पुन्हा छाननी झाली, तेव्हा पालथं झोपवणं घातक असल्याचा पुरावा १९७० पर्यंतच हाती आला होता असं दिसलं. तो तेव्हाच कुणी नीट एकत्र करून वाचला असता, तर एकट्या ब्रिटनमध्ये दहा हजारांवर बाळं वाचली असती, असा निष्कर्ष त्या छाननीने काढला. प्रत्यक्षात नेदरलँड्सने १९८७ मध्ये, न्यूझीलंड आणि ब्रिटनने १९९१ मध्ये आणि अमेरिकेने १९९२ ते १९९४ च्या दरम्यान सल्ला बदलला. अमेरिकेत १९९० मध्ये दर एक लाख जन्मांमागे १३० च्या आसपास असलेलं आकस्मिक बालमृत्यूचं प्रमाण २०२० पर्यंत ३८ वर आलं.

पालथं झोपवण्याचा प्रश्न मिटल्यावर बाळ कुठे झोपतं, याकडे लक्ष गेलं. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या नियामकाने मोठ्यांच्या पलंगावर १९९० ते १९९७ या काळात झालेले दोन वर्षांखालच्या मुलांचे ५१५ मृत्यू मोजले. त्यातले १२१ अंगाखाली येऊन झालेले होते. उरलेले ३९४ म्हणजे गादी आणि भिंत, गादी आणि पलंगाची चौकट अशा फटींत अडकल्याने. वाद मात्र पहिल्या आकड्यावरच पेटला. आईजवळ झोपणं नैसर्गिक आहे, स्तनपानाला पोषक आहे आणि या मोजणीत पलंगावर सुखरूप झोपणारी बाळं मुळी नाहीतच, असा मानववंशशास्त्रज्ञांचा आक्षेप होता, आणि तो बिनबुडाचा नव्हता. फटींच्या मोठ्या आकड्याकडे दोन्ही बाजूंनी कमीच पाहिलं.

२००५ मध्ये अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी मधला रस्ता काढला: खोली एक, अंथरूण वेगळं. २०१६ मध्ये त्यांनी शक्यतो वर्षभर आणि किमान सहा महिने असं सांगितलं. २०२२ मध्ये वर्षभराचा आग्रह सोडून किमान सहा महिन्यांवर भर राहिला. 'को-स्लीपिंग' या शब्दाने मात्र घोळ कायम ठेवला. कुणी तो एकाच गादीवर झोपण्यासाठी वापरतं, कुणी एकाच खोलीत झोपण्यासाठी, आणि कॉट विकणारे मुद्दाम दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. पलंगाला टेकलेली, मधली बाजू उतरवलेली कॉट वेगळं अंथरूण की आईच्याच गादीचा लांबवलेला तुकडा? नियम करणाऱ्यांनाही याचं उत्तर लगेच देता आलं नाही.

अमेरिकेत ते अपघातांनी द्यायला लावलं. २००७ आणि २००८ मध्ये एकाच प्रकारच्या पाळण्यात बाळं दगावली. पाळणा तीन-चार प्रकारे वापरता येणारा होता. बाजूचं कापड खाली घेतलं की तो पलंगाला लावता येई. पण कापडामागचे धातूचे गज २ ३/८ इंचांपेक्षा जास्त अंतरावर होते. कापड वेल्क्रोने नीट चिकटवलं नाही तर ते गज उघडे पडत आणि बाळ पायांकडून त्यातून निसटून डोक्याशी अडके. १९७३ चा आकडा मोठ्या कॉटसाठी होता, पाळण्यांना तो लागू नव्हता. ऑगस्ट २००८ मध्ये असे जवळपास नऊ लाख पाळणे वापरू नका असं सांगितलं गेलं. त्याच महिन्यात आलेल्या नव्या कायद्याने बाळांच्या टिकाऊ वस्तूंसाठी एकेक करून सक्तीची मानकं बनवण्याचा आदेश दिला. पाळण्यांचं मानक २०१३ मध्ये आलं, पलंगाला जोडायच्या कॉटचं २०१४ मध्ये. तिने आधी पाळणा म्हणून पास व्हायचं आणि मग पलंगाला जोडलेल्या अवस्थेत पुन्हा.

युरोपातली गोष्ट आणखी रंजक आहे, आणि आजच्या कॉटवर तिचाच ठसा जास्त आहे. ९० सेंटिमीटरपेक्षा कमी लांबीच्या पाळण्यांसाठीचं ईएन ११३० हे मानक १९९६ चं. ते लिहिलं गेलं तेव्हा पलंगाला जोडायच्या कॉटचा विचारही नव्हता. मधल्या काळात त्या बाजारात आल्या, घराघरांत गेल्या. आई आडवी पडल्या पडल्या हात पुढे करून बाळाला ओढून घेते, हे त्यांचं जाहिरातीतलं ठरलेलं चित्र. ईएन ११३० ची नवी आवृत्ती २०१९ मध्ये आली. तिने पहिल्यांदाच पलंगाला जोडायची कॉट हिशेबात धरली आणि एक अट घातली: उतरवलेल्या बाजूचाही किमान १२० मिलिमीटर उंचीचा कठडा राहिला पाहिजे.

बारा सेंटिमीटर म्हणजे वीतभरही नाही. पण त्याने कॉटचं चित्रच बदललं. आधीच्या कित्येक कॉटची बाजू पूर्ण उतरून दोन गाद्या एका पातळीत येत. आता मध्ये एक उंबरठा आला. अनेक आयांना तो पटला नाही, आणि त्यांची तक्रार चैनीची नव्हती. सिझेरियननंतरच्या पहिल्या आठवड्यांत पोटाच्या टाक्यांवर ताण न देता रात्रीत चार-पाच वेळा बाळाला उचलून कठड्यावरून घेणं आणि नुसतं सरकवून घेणं यात जमीनअस्मानाचा फरक असतो. बाळ हात पुरेल तिथे असूनही उचलणं जड जातं म्हणून दमलेली आई त्याला पाजता पाजता स्वतःच्याच पलंगावर झोपवेल, आणि जो धोका टाळायचा तोच ओढवेल, असाही मुद्दा मांडला गेला. तो मला आजही खोडून काढता येत नाही.

तरीही कठड्याची बाजू जड वाटते. उघड्या बाजूची कॉट सुरक्षित राहण्यासाठी किती गोष्टी एकाच वेळी बरोबर असाव्या लागतात ते मोजून पाहा. दोन्ही गाद्या एकाच उंचीवर हव्यात, आणि मोठ्यांची गादी कडेला दबली की ती उंची बदलते. कॉट पलंगाला बांधणारा पट्टा पलंगाच्या पलीकडच्या बाजूपर्यंत ताणलेला हवा. पलंगाला बाहेर आलेली चौकट असेल तर कॉट गादीला टेकतच नाही, चौकटीला टेकते, आणि मध्ये पोकळी राहते. पट्टा रोज थोडा सैल होतो. मोठ्यांचं पांघरूण उतारावरून येतं तसं आपोआप बाळाकडे येतं. यातली एकही गोष्ट कॉटच्या कारखान्यात तपासता येत नाही, कारण निम्मी वस्तू म्हणजे पलंग, आणि तो ज्याच्या त्याच्या घरी आहे. १९९९ च्या त्या ३९४ मृत्यूंचं कारण पुन्हा वाचलं तर कळतं: धोका कॉटमध्ये कमी आणि सांध्यात जास्त आहे. कठडा सांधा बंद करत नाही, पण फट पडलीच तर बाळ आणि फट यांच्यामध्ये काहीतरी ठेवतो. बाराच सेंटिमीटर का, पंधरा का नाही, हा प्रश्न रास्त आहे. मला तो आकडा तडजोडीचा दिसतो: पाठीवर झोपलेलं नवजात बाळ त्यावरून जाऊ शकत नाही आणि आईचा हात जाऊ शकतो.

कठड्यावर एवढं रण माजत असताना दुसरी सोय जवळजवळ बिनबोभाट चालू राहिली. पुष्कळ बेडसाइड कॉटचे पाय वेगवेगळ्या उंचीवर लावून डोक्याकडची बाजू वर करता येते. दूध उलटणाऱ्या बाळांसाठी म्हणून ती विकली जाते. तिकडे अमेरिकेत एप्रिल २०१९ मध्ये तिरक्या झोपाळ्यांचे ४७ लाख नग परत मागवले गेले, कारण त्यात तीसहून अधिक बाळांचा मृत्यू झाल्याचं तोवर पुढे आलं होतं. उतारावर बाळाची हनुवटी छातीवर येते, श्वासमार्ग दबतो, आणि वळून पालथं होणंही सोपं होतं. मे २०२२ च्या कायद्याने १० अंशांहून तिरपी झोपण्याची साधनं आणि कॉटच्या आतून बांधायच्या मऊ गाद्या, दोन्हींवर बंदी घातली. कॉटचे पाय एखाददुसऱ्या खाचेने वर केल्यावर १० अंश होत नाहीत, हे खरं. पण झोपण्याची जागा सपाट हवी हा सल्ला आणि पायाला दिलेल्या खाचा एकाच डब्यातून घरी येतात.

जुन्या कॉटचा प्रश्न आता सोपा होतो. युरोपात नवं मानक लागू होण्याची मुदत २०२० च्या अखेरीस संपली. त्याआधी बनलेल्या कॉट नाहीशा झाल्या नाहीत, त्या मावशीकडून भाचीकडे जात राहिल्या. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, कधी नावही तेच असतं. फरक गादीखालच्या किंवा पायाजवळच्या चिठ्ठीवर छापलेला असतो: ईएन ११३० पुढे १९९६ आहे की २०१९. चिठ्ठी फाटली असेल तर बाजू उतरवून मोजपट्टी लावायची, गादीच्या वर बारा सेंटिमीटर राहतात का ते पाहायचं. पट्टे मूळचेच आहेत ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावं, कारण घर बदलताना पहिल्यांदा हरवतात ते पट्टेच. पट्टा नसेल तर तिची बाजू वर करून, पलंगापासून दूर ठेवून साधा पाळणा म्हणून वापरता येते, तीही बाळ हात-गुडघ्यांवर उठायला लागेपर्यंतच.