कळा सुरू झाल्यावर एक गोळी: गरोदरपणातल्या एचआयव्ही तपासणीची पार्श्वभूमी

प्राथमिक आरोग्य केंद्रात नाव नोंदवायला आलेल्या बाईचं हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर पाहतात, तसंच बोटाला टोचून एचआयव्ही आणि सिफिलिसही पाहतात. निकाल पंधरा-वीस मिनिटांत हाती येतो. पंचवीस वर्षांपूर्वी हीच तपासणी मोजक्या मोठ्या रुग्णालयांतच होत असे.

आई एचआयव्हीबाधित असेल आणि काहीच उपाय केला नाही, तर गरोदरपण, प्रसूती आणि स्तनपान मिळून बाळाला लागण होण्याचा धोका 15 ते 45 टक्के असतो. तो औषधाने कमी करता येतो हे 1994 मध्ये अमेरिका आणि फ्रान्समधल्या चाचणीने दाखवलं. आईला गरोदरपणात झिडोव्हुडिन या एचआयव्हीविरोधी औषधाच्या गोळ्या, प्रसूतीच्या वेळी तेच औषध शिरेतून आणि बाळाला सहा आठवडे तोंडाने, असा तो क्रम होता. लागण 25.5 टक्क्यांवरून 8.3 टक्क्यांवर आली. पण त्या बाळांना आईचं दूध दिलं जात नव्हतं, शिवाय खर्चही गरीब देशांना पेलणारा नव्हता. 1999 मध्ये युगांडातून सोपा मार्ग आला: कळा सुरू झाल्यावर आईला नेव्हिरापीन या दुसऱ्या एचआयव्हीविरोधी औषधाची 200 मिलिग्रॅमची एक गोळी आणि जन्मानंतर 72 तासांच्या आत बाळाला वजनाच्या प्रत्येक किलोला 2 मिलिग्रॅम.

भारतात 2000 साली 11 केंद्रांत झिडोव्हुडिनच्या छोट्या कोर्सपासून सुरुवात झाली, मग नेव्हिरापीन आलं आणि 2002 मध्ये पालकांकडून बाळाला होणारी लागण रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. महाराष्ट्र तेव्हा जास्त प्रादुर्भावाच्या सहा राज्यांत होता. प्रसूतिपूर्व दवाखान्यांतल्या नमुना सर्वेक्षणात शंभरातल्या एकीपेक्षा जास्त गरोदर बायका बाधित आढळत होत्या. आपल्याकडे कार्यक्रमाच्या नावात ‘आई’ऐवजी ‘पालक’ हा शब्द ठेवला, हे चांगलं झालं. बहुतेकींना लागण नवऱ्याकडून झालेली असे. तपासणी मात्र आधी तिची होई आणि बोलही तिलाच लागे.

एका गोळीचा उपाय प्रत्यक्षात अनेक ठिकाणी तुटायचा. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपल्याकडे रीत. तपासणी सासरच्या गावी, प्रसूती दोन तालुके पलीकडे, आणि तिथल्या डॉक्टरांना काहीच ठाऊक नाही. गोळी आधीच हातात दिली, तरी ती सासू-आईच्या देखत घ्यायची कशी? घेतलीच, तरी पुढे महिनोन्‌महिने चालणाऱ्या स्तनपानातला धोका तसाच राही. शिवाय नेव्हिरापीन रक्तात दोन-तीन आठवडे रेंगाळतं. जोडीला दुसरं औषध नसताना विषाणूत एवढासा बदल झाला की ते निकामी ठरतं, आणि पुढे आईच्या स्वतःच्या उपचाराला त्याच गटातलं औषध लागू पडत नाही. थोडक्यात, बाळासाठी घेतलेल्या एका डोसाची किंमत आई मोजत होती. स्तनपानातला धोका कमी व्हावा म्हणून बाळाला सहा आठवडे नेव्हिरापीन देऊन पाहणारी चाचणी इथिओपिया, युगांडा आणि आपल्या पुण्यात झाली. 2008 मध्ये तिचे निष्कर्ष आले: सहाव्या आठवड्यापर्यंत धोका जवळपास निम्मा, पण सहाव्या महिन्यापर्यंत तो फायदा बराचसा ओसरलेला.

म्हणून रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या (सीडी4) पेशींची संख्या कितीही असो, प्रत्येक बाधित गरोदर बाईला तीन औषधांची एकत्रित गोळी, तीही आयुष्यभर, हे धोरण आलं. 2012 मध्ये दक्षिणेतल्या राज्यांत तीन औषधांची सुरुवात झाली आणि 1 जानेवारी 2014 पासून आयुष्यभराच्या उपचाराचं धोरण देशभर लागू झालं. आधी टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, एफाविरेन्झ अशी गोळी होती. नंतर एफाविरेन्झच्या जागी डोल्युटेग्राव्हिर आलं.

उपकेंद्रावरची बोट टोचून केलेली पट्टीची तपासणी फक्त चाळणी आहे. ‘रिॲक्टिव्ह’ म्हणजे पॉझिटिव्ह नव्हे, पण घाईत नेमकं तेच कानावर घातलं जातं. बाईला आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, पाठवून वेगवेगळ्या प्रकारच्या तीन चाचण्या व्हाव्या लागतात. तिन्ही रिॲक्टिव्ह आल्या तरच निदान. उलट पहिल्या तिमाहीतली निगेटिव्ह चाचणीही शेवटची नसते. लागण नुकतीच झाली असेल तर प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूविरुद्ध शरीरात तयार होणारी प्रथिनं, दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून धोका असलेल्या बाईची पुन्हा तपासणी करावी लागते. नवऱ्याची एकदाही न झालेली तपासणी ही या साखळीतली सर्वात जुनी फट आहे. 10 सप्टेंबर 2018 पासून लागू असलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याने संमती आणि गुप्तता बंधनकारक केली. त्यामुळे बाधित बाईच्या कार्डावर लाल शाईने खूण करणं ही आता नुसती वाईट सवय राहिलेली नाही, तो कायद्याचा भंग आहे.

बाळाला जन्मल्याबरोबर नेव्हिरापीनचं सिरप सुरू होतं: वजन अडीच किलोपेक्षा जास्त असेल तर रोज 15 मिलिग्रॅम, दोन ते अडीच किलो असेल तर 10. किमान सहा आठवडे. आईचे उपचार उशिरा सुरू झाले असतील तर औषधाचा काळ वाढतो. सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर वाळवून पीसीआरला, म्हणजे थेट विषाणूच शोधणाऱ्या चाचणीला, पाठवतात आणि को-ट्रायमॉक्सॅझोल हे इतर जंतुसंसर्ग टाळणारं औषध सुरू करतात. साधी पट्टी इथे कामाची नाही, कारण आईकडून आलेली प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात. शेवटचा निकाल म्हणूनच अठराव्या महिन्यात लागतो. तोवर माय-लेकरू सासरी परतलेली असतात, आणि माहेरच्या केंद्राने पुढच्या केंद्राला कळवलं नसेल तर ती चाचणी राहून जाते.