गर्भातल्या हार्ट ब्लॉकचा माग आईच्या रक्तापर्यंत

गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्याच्या तपासणीत डॉप्लर (ठोके ऐकवणारं उपकरण) लावावा आणि बाळाचे ठोके मिनिटाला १४० ऐवजी ६० लागावेत. इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाचे वरचे कप्पे १४० नेच धडकताना दिसतात, खालचे मात्र आपल्याच संथ लयीत. मधून संदेश पोचवणारा एव्ही नोड निकामी झालेला असतो; हाच हार्ट ब्लॉक. हृदयाची घडण बहुधा अगदी व्यवस्थित असते.

मॉन्टेव्हिडिओच्या लुईस मॉर्किओ यांनी १९०१ मध्ये हा ब्लॉक एकाच घरातल्या भावंडांत नोंदवला, म्हणून तो आनुवंशिक वाटला. १९२८ मध्ये एल्वर्ड यांना अशा दोन भावंडांच्या आईच्या लाळग्रंथी सुजलेल्या आढळल्या. धागा हाताशी होता, पण पुढची जवळपास पन्नास वर्षं तो कुणी नेटाने ओढला नाही. त्याला कारणही होतं: बाळाचं निदान होतं तेव्हा निम्म्या आया ठणठणीत असतात, कोरडे डोळे, सांधेदुखी, ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) हे पुष्कळदा नंतर उमटतं.

१९६९ मध्ये ल्युपसच्या रुग्णांत ‘रो’ प्रतिपिंडं (स्वतःच्याच पेशींतल्या ‘रो’ प्रथिनावर उलटणारी) सापडली. १९७७ मध्ये ब्लॉक असलेल्या बाळांच्या आयांमध्ये ल्युपससारखे आजार वारंवार दिसल्याचं प्रसिद्ध झालं, आणि १९८३ पर्यंत रो प्रतिपिंडांशी थेट सांगड बसली. ही आयजीजी प्रकारची प्रतिपिंडं वारेतून बाळात उतरतात. नोडला सूज येते, मग तिथे व्रण धरतो. जन्मानंतर काही महिन्यांत प्रतिपिंडं ओसरतात, त्यांनी बाळाच्या अंगावर उठलेलं पुरळही जातं. व्रण राहतो. म्हणूनच यातल्या बहुतेक मुलांना पुढे पेसमेकर लागतो.

रो पॉझिटिव्ह आईच्या बाळाला धोका १ ते २ टक्केच. आधीचं मूल बाधित असेल तर मात्र १६ ते १८ टक्के. उपचारात डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड आलं, कारण प्रेडनिसोलोन या दुसऱ्या स्टेरॉईडचा बराचसा भाग वारेतच निष्प्रभ होतो. पण पूर्ण ब्लॉक त्यानेही उलटत नाही, शिवाय बाळाची वाढ खुंटण्याची आणि गर्भजल कमी होण्याची भीती असते. त्यामुळे प्रतिबंधाकडे वळणं योग्यच होतं. २०२० च्या ‘पॅच’ अभ्यासात, आधीचं मूल बाधित असलेल्या आयांना दहाव्या आठवड्याच्या आत रोज ४०० मिलिग्रॅम हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे औषध सुरू केल्यावर पुनरावृत्ती ७.४ टक्क्यांवर आली.

पाळत ठेवणं अजून अवघडच आहे. इकोवर पीआर अंतर (वरच्या कप्प्यांकडून खालच्यांपर्यंत संदेश पोचायला लागणारा वेळ) १५० मिलिसेकंदांपुढे गेलं की सावध व्हायचं, पण नोड चोवीस तासांच्या आतही पूर्ण बंद पडू शकतो. दर आठवड्याला इको केला तरी दोन इकोंच्या मधल्या काळातच सगळं उरकून जातं. म्हणून आता १८ ते २६ आठवड्यांत आईनेच घरी हातातल्या डॉप्लरने दिवसातून दोन-तीनदा ठोके ऐकायचे, लय चुकल्यासारखी वाटली की तासांत इको करायचा, अशी पद्धत पुढे येते आहे.